वरच्या पट्ट्याची शिवण

तपासून झालेली शिवण आपण स्वतः पुन्हा का तपासली, हे माझ्या शेजारणीने मला दोनदा विचारले.

उष्ण हवेचे फुगे तयार करणाऱ्या कारखान्यात ती बावीस वर्षे शिवणकाम करीत होती. तिथला नियम जुना होता: जिने शिवण घातली तिने ती तपासायची नाही, कारण स्वतःच्या कामाकडे कोणी सरळ नजरेने पाहत नाही. दुसरी बाई कापडाला दोन चिमटे लावी, ताण मोजणाऱ्या काट्याने ओढून पाही आणि शिवण टिकली की निळ्या खडूची खूण करी.

तिची आई थकत चालली होती. "साऱ्या जगाला आभाळात धाडतेस, मीच काय घोडं मारलंय?" हे तिचे नेहमीचे पालुपद. जायचे ते मात्र लेकीचा हात धरूनच, अशी अट.

अखेर १९९३ च्या थंडीतला एक रविवार ठरला. पहाटे फुगा गवतावर पसरला होता. वरचा पट्टा तिनेच शिवलेला. हवा सर्वांत जास्त तापते ती तिथेच. निळी खूण स्पष्ट दिसत होती. पण या खेपेला टोपलीत आई बसणार होती. तिने चिमटे मागून घेतले आणि ती शिवण वीत वीत ओढून पाहिली. त्यात तासभर गेला. ऊन चढले.

फुग्याला आग उचलत नाही. आतली हवा तापून विरळ होते आणि बाहेरची गार, जड हवा त्याला वर ढकलते. बाहेरचीही तापू लागली की तो जोर ओसरतो. हे तिला पाठ होते. म्हणूनच पायलटने नकारार्थी मान हलवली तेव्हा तिला वाद घालता आला नाही.

"काकू, आता दोघींपैकी एकच," तो म्हणाला.

"हिच्याशिवाय मी पाय उचलायची नाही," आई म्हणाली. मग लेकीकडे वळून हसली. "तू काय गं, वर गेल्यावरही सुईदोराच काढला असतास. जाऊ पुढच्या थंडीत."

पायलट एकटाच वर गेला. दोघी ओल्या गवतावर बसून राहिल्या. मान अवघडेपर्यंत आई पाहत होती.

पुढची थंडी आईला लाभली नाही. लेकीने त्यानंतर स्वतःच्या शिवणीला चिमटा लावला नाही, आणि फुग्यातही ती कधी बसली नाही.

२००४ साली तो फुगा वापरातून काढण्यात आला. कापड जागोजागी विरले होते. वरच्या पट्ट्याची शिवण शाबूत होती.