आईची बोलणी

रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारांत माझी दोन वर्षं गेली, त्यामुळे मी आणि माझी धाकटी बहीण एकाच वर्षी बारावीला बसलो. निकाल लागला तेव्हा ती फर्स्ट क्लासने पास झाली आणि मी दोन विषयांत नापास.

तिसगावच्या आमच्या घरात त्या दिवशी आईने फैलावर घेतलं ते बहिणीला. "दिवसभर मोबाईल! अभ्यास केला असता तर नर्सिंगला नंबर लागला असता." मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, "तू नको मनाला लावून घेऊ. जीव वाचला, लई झालं." आणि माझ्यासाठी शिरा करायला उठली.

बहीण कोपऱ्यात रडत होती आणि मी तिच्यावर जळत होते. तिच्या लांब केसांचा हेवा मला जुनाच होता, पण तिला बसलेल्या बोलण्यांचा त्याहून जास्त वाटला. तिने पुढे कोण व्हावं, हे आईने मनात ठरवलं होतं. माझं नुसतं असणंच तिला पुरत होतं.

शिऱ्याची ताटली समोर आली तशी मी ती ढकलली. शिरा फरशीवर सांडला.

"मी पन नापास झालेय. मला का न्हाई बोलत?"

आई खालीच बघत राहिली. "तुला बोलायचं भ्या वाटतं गं. दुखणं परत आलं म्हंजी?"

मग तिने माझ्याकडे फडकं टाकलं. "पूस ते. अन् उद्याच्याला फॉर्म भर परत."

आवाज बहिणीसाठी चढायचा तेवढा चढला नव्हता. तरी मी मुकाट्याने फरशी पुसली.