पहिलं पाणी आसरांचं

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या दिवसापर्यंत मला धड सांगता आलं नसतं. राजुरीला आमच्या विहिरीच्या काठावर साती आसरांचे सात शेंदरी दगड आहेत. पाण्याच्या या देवींना आई रोज उदबत्ती लावते. मोटार पाणी धरत नसली की तीच उदबत्ती ती पाइपाच्या सांध्यांजवळून फिरवते. जिथे धूर आत ओढला जातो, तिथून पाइप हवा घेत असतो. सांधा बांधला की पाणी चढतं, आणि ते पहिलं पाणी आसरांवर सोडायचं. मला कायम घाई. मी पाइप सरळ पिकाकडे वळवायला गेलो की ती म्हणायची, "आदी त्यांचं, मंग आपलं." जहाजावर इंजिनियर झाल्यावर तर मी या प्रकाराची थट्टाच करायचो. गेल्या खेपेला निघताना तिने आसरांच्या ओटीतला हिरवा खण आणि उदबत्त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दिल्या. "तू बी पाण्यावरच ऱ्हातो," एवढंच म्हणाली. जहाजावर ती पिशवी मी कंट्रोल रूमच्या कप्प्यात टाकली आणि विसरून गेलो.

किनारा फार मागे राहिला होता. भर दुपारी इंजिनरूममधला समुद्राच्या पाण्याचा मोठा पाइप फुटला. तो बंद करायचा व्हॉल्व्ह अर्ध्यातच अडकला. बघता बघता पाणी पायाखालच्या पत्र्यांवर आलं, एक उपसा पंप बुडाला, वीज गेली. आणीबाणीच्या जनरेटरवर दुसरा पंप सुरू केला, तर तो नुसताच फिरू लागला. पाणी धरेना. आम्ही त्यात वरून पाणी भरून पाहिलं, जाळी साफ केली, होते नव्हते ते सगळे उपाय करून हात टेकले. पाणी मांड्यांपर्यंत चढलं होतं. ते असंच चढत राहिलं असतं तर हाही पंप बुडाला असता, आणि मग जीवरक्षक बोटी पाण्यात सोडून जहाजावरून उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाहेर समुद्र खवळलेला. माझ्या पाचावर धारण बसली, हे सांगायला मला लाज वाटत नाही. शिकलेलं सगळं संपल्यावर तोंडातून आपोआप निघालं, "आसरांनो, आता तुम्हीच."

तेवढ्यात गुडघ्याच्या वर काहीतरी हलकंसं लागलं. खाली पाहिलं तर आईची पिशवी पाण्यावर तरंगत होती. कंट्रोल रूमचा कप्पा वरच्या मजल्यावर, आणि तिथे पाण्याचा थेंबही पोहोचला नव्हता. पिशवी फोडली, तर आतल्या उदबत्त्या कोरड्या ठणठणीत. विहिरीवर पाइपाच्या सांध्यांजवळून फिरणारी आईची उदबत्ती आठवली.

इंजिनरूममध्ये विस्तव लावायचा नाही, हा पहिला नियम. मी चीफ इंजिनियरना काय करायचंय ते सांगितलं. हवेत पेटणारा वायू नाही ना, हे त्यांनी गॅसचं मीटर फिरवून पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. वीज गेल्याने पंखे बंद होते, हवा अगदी स्तब्ध होती. उदबत्ती पेटवून मी पंपाच्या पाइपाजवळून फिरवू लागलो. धूर सरळ वर जात होता. एक सांधा झाला, दुसरा झाला. पाण्याच्या जेमतेम वर असलेल्या एका सांध्यापाशी धूर वाकला आणि दोऱ्यासारखा आत गेला. खणाला ग्रीस फासून तो सांध्याभोवती आवळून बांधला. पंपाचा आवाज क्षणभर बदलला, जड झाला, आणि त्याने पाणी धरलं. चीफनी डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं.

संध्याकाळपर्यंत पत्रे उघडे पडले. धावपळीत कुणीतरी कप्पा उपसला असेल आणि पिशवी खाली पडली असेल, असं नंतर चीफ म्हणाले. असेलही. मी त्यावर कधी वाद घातला नाही. ती माझ्यापर्यंत आली, एवढं मला पुरेसं आहे. आपण करायचं ते सगळं करावं, आणि ते संपलं की हात जोडायला लाजू नये, एवढंच मला त्या पाण्यात उभं राहून कळलं.

घरी गेल्यावर आईला घाबरवायला नको म्हणून काही बोललो नाही. दुसऱ्या सकाळी विहिरीवर गेलो. मोटारीने पाणी धरलं तसा मी चपला काढल्या आणि पाइप उचलून सात दगडांवर धरला. शेंदरावरून पाणी ओघळत होतं, माझ्या डोळ्यांतूनही. आईने माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "लई पाणी व्हतं का रं?"

मी नुसती मान हलवली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याशेजारी हात जोडून उभी राहिली.