वहिनीची शिट्टी

आमची वहिनी आयुष्यात छोट्या विमानात एकदाच बसली, आणि तेव्हाही डोळे घट्ट मिटून. तरीही फोनवर विमान उडवणारे हजारो लोक आज जे ऐकतात, ते सगळं तिचं काम आहे. इंजिनाची घरघर तिची, काचेवरचा पाऊस तिचा, चाकं जमिनीला टेकताना निघणारी किंकाळीही तिचीच. दादा तिला 'कानसेन' म्हणतो. लग्नाआधी ती रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवायची. दार करकरायला हवं, कुणी जिन्यावरून गडगडायला हवं, की वहिनीला बोलावणं यायचं. पुढे एका छोट्या कंपनीने फोनसाठी विमानाचा खेळ काढायला घेतला आणि तिला नोकरी दिली. तिच्यासमोर मात्र खेळ म्हणायची सोय नाही. "खेळ नाही गं, सराव आहे तो. शिकाऊ वैमानिकसुद्धा वापरतात." बरं बाई, सराव.

तिची कामाची खोली म्हणजे आमची जुनी कपडे ठेवायची खोली. भिंतींना गाद्या टांगलेल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला, आणि टेबलाच्या खणात जुने, तडकलेल्या काचांचे फोन. कंपनीने उत्तम हेडफोन दिले आहेत. तिने इंजिनाचा आवाज आधी त्यांवरच घोटून घोटून केला होता, आणि तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. मग एक दिवस बसथांब्यावर तिला एक माणूस तेच विमान उडवताना दिसला. फोन आडवा धरलेला, आणि आवाज जिथून येतो ती भोकं नेमकी तळहाताखाली दाबलेली! वहिनी घरी आली ती तोंड पाडूनच. सगळी मेहनत लोकांच्या तळहाताखाली गुदमरत होती.

दुसरी कुणी असती तर लोकांना नावं ठेवून मोकळी झाली असती. हिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तळहातातूनही जे ऐकू येईल ते पुढे आणलं, आणि जी जाड घरघर फोनच्या एवढ्याशा स्पीकरला पेलवतच नाही, ती फोनच्या थरथरीत घातली. आता इंजिन चालू केलं की ते आधी हाताला कळतं. मला तर वाटतं, हा तिचा सगळ्यात हुशार उद्योग.

चित्रांचं काम करणारा तिचा जोडीदार आमच्याकडे 'ढगवाला' म्हणून ओळखला जातो. त्याला ढग फार सुंदर जमतात, पण त्याचे ढग आले की स्वस्तातला फोन इतका तापतो की त्यावर पापड भाजावा, आणि विमान आकाशातच अडखळायला लागतं. त्या दोघांचं सतत भांडण. तो म्हणायचा, "चार आवाज कमी करा, माझे ढग बसतील." ती म्हणायची, "तूच दोन ढग पुस."

हे भांडण मिटवलं आमच्या बाबांनी.

बाबा म्हणजे निवृत्त वैमानिक. छोट्या विमानातून टपाल आणि औषधं पोचवण्यात त्यांची हयात गेली. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की कान गेलेत, आता उडता येणार नाही. बाबांचं उत्तर ठरलेलं: "त्याचं मशीन बिघडलेलं होतं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा प्रकार. घरात आम्ही काही विचारलं की म्हणायचे, "पुटपुटू नका, नीट बोला." कानाच्या यंत्राचा विषय काढला की उठून जायचे. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीत एक ट्रक मागे येत होता आणि बाबा त्याच्या मागून चालले होते. भाजीवाल्याने हाताला धरून ओढलं म्हणून वाचले. वर ड्रायव्हरलाच झापलं, "हॉर्न द्यायला काय होतं रे?" त्याचा चिरका हॉर्न सगळ्या गल्लीने ऐकला होता. मी त्या रात्री जेवले नाही. बाबा बाहेर पडले की ते परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा, पण सांगणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

तर एकदा बाबांनी ढगवाल्याच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि हसले. "तुझ्या विमानाची काच कुठाय? इतकी स्वच्छ काच मी जन्मात पाहिली नाही. पुसून पुसून तिच्यावर चरे पडतात. सूर्य समोर आला की ते सगळे चरे त्याच्याभोवती गोल उमटतात. आणि डाव्या कोपऱ्यात एक किडा चिकटलेला असतोच." ढगवाल्याने दोन ढग पुसले आणि चरे घातले. फोन थंड राहिला, आणि खोलीतल्या खोलीत आपण खरोखरच काचेआड बसलोय असं वाटायला लागलं. तेव्हापासून बाबा त्यांचे गुरुजी झाले.

राहिली होती शिट्टी. विमानाचा वेग फार कमी झाला की ते दगडासारखं खाली यायला लागतं. तसं होण्याआधी वैमानिकाला सावध करायला एक बारीक, टोकदार शिट्टी वाजते. ती खरी मिळावी म्हणून वहिनी विमान शिकवणाऱ्या शाळेत गेली होती. तेच तिचं एकुलतं एक उड्डाण. शिकवणाऱ्या बाईंनी मुद्दाम वेग कमी करत करत शिट्टी वाजवली. वहिनीने डोळे घट्ट मिटले होते. मांडीवरचं आवाज टिपायचं यंत्र दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "मागून खुर्ची करकरली. अजून एकदा."

अशी ही बाई!

रविवारी दुपारी सगळे दिवाणखान्यात जमलो होतो. वहिनीने फोन बाबांच्या हातात दिला. "बाबा, उतरण्याआधी विमान हळू केलं की कसं वागतं, तेवढं बघून सांगा ना." आमचा कुत्रा फौजदार बाबांच्या पायाशी पसरला होता. बाबांनी ऐटीत विमान वर नेलं आणि वेग कमी करायला लागले. शिट्टी वाजली. अशी सणसणीत, की माझे दात शिवशिवले. फौजदाराने मान वर केली. बाबा मात्र वेग कमी करतच राहिले, आणि विमान धाडकन खाली गेलं.

"खुर्चीत बसून अंगाला काही कळत नाही," बाबा म्हणाले. पुन्हा उडाले, पुन्हा पडले. मग चष्मा काढून वहिनीकडे पाहिलं. "सूनबाई, सगळं केलंस आणि शिट्टीच घालायची विसरलीस?"

ढगवाला खाली बघायला लागला. त्याने मला नंतर सांगितलं, बाबांना बारीक सूर ऐकू येत नव्हते; शिट्टीचा सूर खाली ओढणं एका बोटाचं काम होतं, आणि बाबांना ती लगेच ऐकू आली असती. माझ्या तर ओठांवर आलंच होतं, 'हो बाबा, विसरलीच ती.' म्हाताऱ्या माणसाचा मान राहिला असता.

वहिनीचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "घातली आहे, बाबा. खऱ्या विमानातली आहे. पुन्हा उडवा."

"नाही म्हणतो ना मी!"

"पुन्हा उडवा, बाबा."

बाबांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आता फोन भिंतीवर जाणार असं मला वाटलं. पण त्यांनी उडवलं. वेग कमी व्हायला लागला, शिट्टी वाजली, फौजदाराने मान वर केली, विमान पडलं. या वेळी बाबा फोनकडे बघत नव्हते. ते कुत्र्याकडे बघत होते.

त्यांनी विमान परत वर नेलं. एक डोळा फोनवर, एक फौजदारावर. वेग उतरत गेला. फौजदाराने मान उचलली, आणि त्याच क्षणी बाबांनी वेग यावा म्हणून विमानाचं नाक खाली दाबलं. विमान सावरलं. मग त्यांनी ते इतक्या हलक्या हाताने उतरवलं की चाकं किंचाळलीसुद्धा नाहीत.

बाबांनी फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"त्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला होता?"

"दिला होता, बाबा."

त्यांनी फौजदाराच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. वहिनी उठून आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. भांडी जरा जास्तच आपटत होती.

कानाच्या डॉक्टरकडे बाबा वहिनीलाच घेऊन गेले, मला नाही. याचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही. लाड करणारी लेक त्यांना होतीच. त्यांना खरं सांगणारं माणूस हवं होतं.

यंत्र बसवून आले त्या दिवशी चपला न काढताच त्यांनी फोन मागितला. विमान वर नेलं, वेग उतरवला. शिट्टी वाजली आणि बाबा आणि फौजदार, दोघांनी एकदमच मान वर केली.

"केवढी कर्कश आहे गं!" बाबा म्हणाले.

"कमी करू?" वहिनीने विचारलं.

"खबरदार." त्यांनी विमान सावरलं, सरळ केलं, आणि काचेवरच्या चऱ्यांतून सूर्याकडे बघत राहिले. मग हळूच, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाले, "मशीन ठीक होतं त्या डॉक्टरचं."