गाडी ऑइल खाते

आमची गाडी ऑइल खाते ही बातमी घराच्या आधी कंपनीच्या गेटवर पोचली. आबांनी मला सकाळी बारामती एमआयडीसीत सोडलं आणि गाडी वळवताना मागून निळसर धूर सोडला. मागे मोटारसायकलींची रांग होती. लोकांनी रुमाल नाकाला लावले आणि वॉचमन म्हणाला, "मॅडम, डासांची फवारणी करीत आलाय व्हय?" मी हसले. सकाळच्या त्या घाईत हसण्यावारी नेण्याशिवाय माणूस दुसरं काय करणार?

आबा म्हणजे माझे सासरे. आम्ही निरवांगीला राहतो आणि मी बारामतीत एका दुधाच्या कंपनीत, लॅबमध्ये काम करते. लग्न झाल्यावर नोकरी सोडण्याचा विषय निघाला होता. तो आबांनी एका वाक्यात मोडला होता : "ती जाईल, मी सोडीन." तेव्हापासून सोडतात. संध्याकाळी मी एका मैत्रिणीच्या गाडीतून परत येते, पण सकाळ आबांची. मला गाडी येते, लायसन्सही आहे, पण आबा घरात असताना स्टेअरिंगला हात लावायची माझी टाप नव्हती. शेती आता मुलांनी वाटून घेतली. उसाची तोड कधी, पाण्याची पाळी कुणाची, यातलं आबांना कुणी काही विचारत नाही. त्यांच्या हातात एक चावी उरली होती.

आणि ती चावीच आता जायची वेळ आली होती. गाडी तशी जुनी, दोन लाखांच्या पुढं पळालेली. आबा दर थोड्या दिवसांनी ऑइलचा नवा डबा मागवायचे. शेवटी माझ्या नवऱ्यानं जेवताना निकाल दिला. "एवढं ऑइल खाते म्हणजे इंजिन गेलं. खोलायचं निघालं तर गाडी विकून टाकायची. आणि आबांना आता दुसरी घेऊन द्यायची नाही." आबा ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण बाहेरून आवाज आला, "गाडीला काय बी झालेलं न्हाय. म्हातारी झाली, जरा जास्ती खाती."

मग गाडीचं दुखणं शोधायचं काम मी अंगावर घेतलं. खरं तर माझ्यात त्राण नव्हतं. दिवसभर उभं राहून दूध तपासायचं, घरी येऊन भाकरी थापायच्या, आणि वर आता गाडीचं इंजिन. पण दुसऱ्या कुणाला गाडी वाचावी असं वाटत नव्हतं. मला गाड्यांतलं कळत नाही. पण एखादी वस्तू कमी पडत असेल तर ती कुठं जाते हे शोधण्याचाच मला पगार मिळतो.

आधी गळती बघितली. खताची रिकामी पांढरी गोणी उसवून गाडीखाली पसरली. सकाळी तिच्यावर धूळ होती, कोंबडीचं एक पीस होतं, ऑइलचा थेंब नव्हता. रेडिएटरचं पाणीही स्वच्छ होतं. म्हणजे ऑइल बाहेर सांडत नव्हतं, पाण्यातही मिसळत नव्हतं. आतच जळत होतं, आणि धूर तेच सांगत होता.

वाटेवर, बारामतीच्या अलीकडं एक गॅरेज आहे. सुट्टीच्या दिवशी आबांबरोबर तिथं गेले. गॅरेजवाल्यानं विचारलं, "सकाळी चालू करताना धूर येतोय का चढाला रेस दिल्यावर? सकाळी येत आसंल तर व्हॉल्व्हची सीलं गेली, रेस दिल्यावर येत आसंल तर रिंगा गेल्या."

"दोन्ही वेळी येतो," मी म्हणाले.

"मंग अवघड हाय."

त्यानं प्लग काढून एकेका सिलिंडरला मीटर लावला आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजला. मोजून झाल्यावर डोकं खाजवलं. "रिंगा तर झ्याक हायत की." मग एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आतला कागद ऑइलनं चिंब. त्यानं डिपस्टिक ओढून बघितली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं. तो वैतागला. "गिऱ्हाईक हितं यायच्या आदी डबा वतून आणतंय. मंग मला काय कळायचं, कप्पाळ?"

आबा हात मागं बांधून बाजूला उभे होते.

त्यानं सगळं ऑइल काढलं, नवं बरोबर खुणेपर्यंत भरलं, फिल्टर बदलला. "आता कुणी थेंब टाकायचा न्हाय. आठवडाभर पळवा. मंग बगू किती खाती ती. लई खाल्लं तर इंजिन खोलावं लागंल." घरी येताना मी आबांना बजावलं, की आठवडाभर ऑइलला हात लावायचा नाही. "व्हय," आबा म्हणाले. "त्यो म्हणतोय तर ऱ्हाऊ दे."

रोज संध्याकाळी घरी आले की थंड झालेल्या गाडीचं बोनेट उघडायचं, डिपस्टिक पुसायची, बुडवायची, बघायची. पहिल्या दिवशी ऑइल खुणेवर होतं, दुसऱ्या दिवशी खुणेच्या जरा वर. मला वाटलं माझी नजर दमली असेल. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी वर. कमी होतंय का हे बघायला मी वाकत होते आणि ते वाढत होतं.

दूध आपोआप वाढत नाही. वाढलं तर त्यात पाणी आहे, हे आमच्या लॅबमध्ये कालची आलेली मुलगीही सांगेल. पेट्रोल उतरून ऑइल वाढतं असं कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून डिपस्टिकचा वास घेतला. पेट्रोलचा वास नव्हता. मग ओतणाराच कुणीतरी होता, आणि संशय घ्यायला आमच्या घरात फार माणसं नाहीत. मला राग आला. इथं मी त्यांच्या गाडीसाठी जिवाचा आटापिटा करते आणि हे आपला हेका सोडत नाहीत. सकाळी तोंडावर विचारायचं ठरवलं.

पूर्वी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. सकाळी ते चालू करण्याआधी आबा त्यात वाटीभर ऑइल घालायचे, मग हँडल मारायचे. झिजलेलं इंजिन त्यानं दम धरतं. "इंजान उपाशी चालू करू नये," असं ते सगळ्यांना सांगायचे. ते इंजिन भंगारात गेलं, वीज आली, तरी वाटी राहिली. गाडीला ते दर शनिवारी डिपस्टिक बघून, लागलं तरच वाटीभर घालायचे. ते ठाऊक असल्यामुळं घरात दुसरं कुणी बोनेट उघडायच्या भानगडीत पडत नव्हतं.

सकाळी डबा भरताना मला खिडकीतून आबा दिसले. शनिवार नव्हता. त्यांनी बोनेट उघडलं, वाटीभर ऑइल घातलं, झाकण फिरवून घट्ट केलं, बोनेट लावून त्याला हात टेकून नमस्कार केला. मग हात धुऊन आत आले आणि चहा घेतला. माझ्या जिभेवर शब्द तयार होते, फक्त पोळी तव्यावर होती म्हणून थांबले. तेवढ्यात ते चहा संपवून बाहेर गेले, बोनेट उघडलं, आणि पुन्हा वाटीभर ऑइल घातलं. तसंच झाकण फिरवलं, तसाच नमस्कार केला. चोरून करणारा माणूस इकडंतिकडं बघतो. आबांनी कुठंच बघितलं नाही.

माझा राग जागच्या जागी गळाला. पोळी करपली. मी गॅस बंद करून तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. जास्तीचं ऑइल एअर फिल्टरमध्ये फेकलं जात होतं आणि तिथून आत ओढलं जाऊन जळत होतं. इंजिन धडधाकट होतं. हे नवऱ्याला सांगितलं तर आबांचंही सांगावं लागणार, आणि तो त्याच घटकेला चावी काढून घेणार. नाही सांगितलं, तर गाडीच जाणार. आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसून त्या रस्त्यानं जात होते, समोरून दोन-दोन ट्रेलर लावलेले उसाचे ट्रॅक्टर येत असताना. मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याची लाजही वाटली. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्या बाजूनं बोललेला हा एकच माणूस.

मी बाहेर गेले. "आबा, ऑइल जास्त होतंय गाडीत."

"कशानं? मी आज आजून टाकलंच न्हाय," आबा म्हणाले. वाटी त्यांच्या हातातच होती, ओली. माझं लक्ष तिकडं गेलं तसं त्यांचंही गेलं. बराच वेळ ते वाटीकडं बघत राहिले.

"टाकलं का गं मी?"

नाही म्हणणं सोपं होतं. "टाकलं आबा. चहाच्या आधी टाकलं, आणि आत्ता परत टाकलं."

"त्या गॅरेजवाल्यानं टाकू नका म्हनलं हुतं न्हवं?"

"हो."

"मला ते ध्यानातच न्हाय." ते गाडीच्या मडगार्डवरून हात फिरवत होते. "त्याला सांगितलंस?" त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला.

"नाही."

"सांग. गाडी चांगली हाय म्हणून सांग. इकायची न्हाय म्हणावं."

"आणि तुमचं, आबा?"

"माजं बी सांग. माजी चूक गाडीच्या नावावर कशाला घालायची?"

मला रडू आलं, आणि कामाला उशीरही होत होता. जाताना गॅरेजवर थांबून जास्तीचं ऑइल काढून घेऊ, असं काहीतरी मी बोलले. आबांनी चावी माझ्या हातात दिली आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. त्या बाजूला त्यांना मी कधी बसलेलं बघितलं नव्हतं. ते बसले, दार ओढलं, आणि पट्टा लावायला त्यांचा हात सवयीनं उजव्या खांद्यामागं गेला. तिथं पट्टा नव्हता. हात रिकाम्या जागेवर चाचपडत राहिला. शेवटी मी वाकून डावीकडचा पट्टा ओढला आणि त्यांना लावून दिला.