आईची हजेरी
सुक्या बोंबलांचा वास आला की मला डहाणूच्या किनाऱ्यावरची आमची एका खोलीची शाळा आठवते, कारण बोंबील वाळवायच्या दोऱ्या थेट तिच्या अंगणापर्यंत बांधलेल्या असत. मोठी ओहोटी असली की आम्ही पोरं आधी खडकांत कालवं काढायचो आणि मग शाळा भरायची, हे गुरुजींना ठाऊक होतं, पण शाळा तपासणाऱ्या तालुक्याच्या साहेबांना कुठून असणार? पोरं येत नाहीत, शाळा बंद करावी का, ते बघायला साहेब एकदा नेमके ओहोटीच्या दिवशी, न सांगता आले. कुणीतरी वाळूवरून ओरडत आम्हाला बोलवायला आलं, तशी मी फ्रॉक पिळत धावले आणि वर्गाच्या दारातच थबकले. आमच्या जागांवर आमच्या आया मांडी घालून बसल्या होत्या. साहेबांनी माझं नाव पुकारलं आणि आई ठणकावून म्हणाली, "हजर!" साहेब म्हणाले, "बाई, शाळेत नाव तुमचं की मुलीचं?" "पोरीचंच. बाजारात आम्ही एकमेकींची जागा धरतो ना, तशी तिची धरलीय. पोरं नाय असं लिहू नका." साहेबांनी दारातल्या आम्हा ओल्या पोरांकडे बघितलं आणि हजेरीपटात माझ्या नावापुढे हजेरीची खूण केली. शाळा पुढे कितीतरी वर्षं चालली. आता तिथं जाळी ठेवतात. पण चौथीपर्यंत मी एकदाही गैरहजर नव्हते, हे मी आजही छाती ठोकून सांगते. त्यातला एक दिवस आईनं भरलाय.