मामाने उतरवलेला आवाज

आमचा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. 'लिफ्ट थांबली हे आतल्याला कळताच कामा नये,' हे तत्त्वज्ञान तो चहा गाळतानाही सांगतो आणि अर्धा चहा ओट्यावर सांडतो.

पंचेचाळिशीत त्याला पायथॉन या संगणकभाषेचं खूळ लागलं. हॉलमधला टीव्ही, स्वयंपाकघरातला स्पीकर, झोपायच्या खोलीतला स्पीकर, तिन्ही घरच्या वायफायवर. मामाने लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला आणि तिघांच्याही नाड्या हातात घेतल्या.

मामी टॅक्सी कंपनीत फोन घेते. दिवसभर कानाला हेडफोन, त्यामुळे घरी आली की गाणी दणदणीत. 'अगं, जरा हळू कर' म्हणायची मामाची छाती होईना. म्हणून त्याने प्रोग्रॅमलाच कामाला लावलं: संध्याकाळी सातनंतर दर पाच मिनिटांनी आवाज एक घर खाली. तिन्ही खोल्यांत. अगदी अलगद.

महिनाभर मामाने निवांत पेपर वाचला. मामी रिमोटने आवाज वाढवायची, तो पुन्हा विरायचा. स्वयंपाकघरात जावं तर तिथेही तेच. एखादं यंत्र बिघडेल, तिन्ही एकदम कशी बिघडतील? म्हणजे आपले कानच गेले, असं तिने ठरवलं!

शनिवारी तिने नोकरी सोडायचा अर्ज लिहिला. "सोमवारी देते. पत्ता चुकीचा ऐकला तर माणूस स्टेशनऐवजी स्मशानात उतरायचा."

"अगं, पण माझं बोलणं येतंय ना ऐकू?"

"तुमचं काय हो! तळघरातून दहाव्या मजल्याशी बोलल्यासारखं बोलता."

मामा घामाघूम. गुपचूप लॅपटॉप उघडून त्याने प्रोग्रॅम उलटा फिरवला. आवाज हळूहळू चढू लागला.

"अगंबाई, आज येतंय की जरा!" मामी खुलली आणि लगेच तिचा चेहरा पडला. "दिवा विझायच्या आधी असाच मोठा होतो म्हणे." अर्ज पर्समध्ये गेला.

आता मात्र मामाला राहवेना. "कान तुझे ठणठणीत आहेत गं," तो पुटपुटला. "आवाज मी कमी करत होतो. प्रोग्रॅमने."

मामीच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या. शब्दन् शब्द पोचला होता. तरी तिने कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

मामाने परत सांगितलं.

"छे, काही कळत नाही बाई. गॅलरीत जाऊन मोठ्याने सांगा बरं."

मामा गॅलरीत गेला. समोरच्या इमारतीतल्या चार खिडक्या उघडल्या, तेव्हा कुठे मामीला नीट ऐकू आलं आणि तिने अर्ज फाडला.