अत्यंत आज्ञाधारक सेवकाच्या चिठ्ठ्या

खाजगी डॉक्टरकीत पैसा जमो न जमो, किस्से जमतातच. माझे बहुतेक किस्से सरकारी दवाखान्याच्या हेडक्लार्कने पुरवले. नाव गोविंदराव. दुसऱ्या महायुद्धाच्या चारपाच वर्षं आधीची गोष्ट. भद्रकालीतल्या माझ्या दवाखान्यातून तिकडे रोगी पाठवायचा तर इंग्रजीत चिठ्ठी लागे. ती गोविंदरावांना पटली, तरच रोगी गोऱ्या सर्जनपुढे!

*

कासमभाई विणकर. त्यांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया. "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल," मी बजावलं आणि चिठ्ठी दिली. दोन तासांत माणूस परत!

"डॉक्टरसाब, क्लार्कसाब बोलले, खाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' नाही लिहिलं."

आतडं गेलं चुलीत, आधी सेवक व्हा!

*

दुसऱ्या खेपेला सेवक झालो. आता 'वय अंदाजे साठ' नडलं.

गोविंदरावांचा निरोप आला, "अंदाज सरकारात चालत नाही."

मी खवळून उलट निरोप धाडला, "मग जन्मतारीख तुम्हीच ठरवा!"

ठरवली की हो! एक जानेवारी. पण चिठ्ठीवर खाडाखोड चालत नाही, म्हणून नवी आणायला सांगितलं. कासमभाईंनी हात जोडले, "राहू द्या. मागावरचं लुगडं उतरवतो, मग बघू."

*

पेठकडचा लहानू पायाला गळू घेऊन गेला. दारावरचा शिपाई म्हणाला, "चालतोस की! दवाखाना कशाला?" बिचारा तिथंच आडवा झाला. तर, "दारात झोपायला बंदी आहे!"

परत येऊन म्हणतो, "डाक्टर, उभं बी चालत नाय, आडवं बी नाय. मंग जायचं कसं?"

गळू मीच फोडलं.

*

शेवटी वैतागून शंभर कागद छापून घेतले. वर 'महाशय', खाली आज्ञाधारक सेवक, मधे रोगापुरती जागा. सह्याही करून ठेवल्या.

आठवड्याभरात कासमभाईंना टांग्यातून आणलं. आतडं अडकलेलं, ओकाऱ्या थांबेनात. भराभर सगळं लिहिलं, कागद त्यांच्या भावाच्या हातात कोंबला, टांगा पिटाळला. वळून बघतो तो काय, लिहिलेली चिठ्ठी टेबलावरच! गेला तो कोरा कागद!

मारलं मी कासमभाईंना, म्हणत सायकल काढली. धापा टाकत पोचलो. भाऊ व्हरांड्यात बसलेला. म्हणाला, "आत घेतलं लगेच. ऑपरेशन चालू आहे."

तेवढ्यात गोविंदराव चक्क खुर्चीतून उठले. हातात माझा कागद.

"या डॉक्टर, या! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या चिठ्ठीत एकही चूक नाही!"